दोन कार्तिक

“हालू नका मास्तर. सावली पडली का ती जाईन.”

मी हललो नव्हतो. पण लीलाधरने असं म्हटल्यावर माझा पाय आपोआप सरकला, चिखलातून चप्पल निघताना पचकन वाजली आणि कुंपणाच्या खुंटावर बसलेली माशी उडाली. माझ्या हातातलं मलमलीचं जाळं अर्ध्यावरच राहिलं.

“गेली,” मी म्हणालो.

“कुठी जाते? तिचं ठेसन आहे ते. परत तठीच येईन.”

लीलाधर केळीच्या बांधावर उकिडवा बसला होता. त्याने उजवा हात खुंटाच्या मागून वर आणला आणि तिथेच ठेवून दिला. हात इतका स्थिर की खुंटाला फुटलेली फांदीच वाटावी. दोन-तीन मिनिटं गेली. माझ्या मानेवर डास चावत होते, पण मी हात उचलला नाही. माशी परत आली. पायांत एक मधमाशी धरलेली होती. ती खुंटावर टेकली न टेकली तोच लीलाधरची मूठ मिटली.

“चावली का?” मी विचारलं.

“चावते ना. तिचं काम आहे ते.” मूठ तशीच ठेवून तो हसला. “काडेपेटी काढा.”

हे जसोंडीला, १९५६ च्या श्रावणात. मी तेव्हा बऱ्हाणपुरात एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. रविवारी सायकल काढून जसोंडीला लीलाधर महाजनच्या शेतावर जायचं, हा माझा एकुलता एक शौक. या माश्यांना इंग्रजीत जे म्हणतात त्याचं भाषांतर करून मी वहीत ‘दरोडेखोर माशी’ असं लिहिलं होतं. एका जागी दबा धरून बसायचं, उडता किडा हवेतच धरायचा, सोंड खुपसून त्याचा रस प्यायचा आणि परत त्याच जागी येऊन बसायचं. दोन डोळ्यांच्या मध्ये डोकं खचलेलं, तोंडावर राठ केसांचा झुपका.

लीलाधरने पहिल्याच दिवशी ती पाहून म्हटलं होतं, “हा तं पेंढारी आहे. दाढी पाहा, मिशा पाहा.”

माझ्या शब्दापेक्षा त्याचा शब्द चांगला होता. हे मला त्याच क्षणी कळलं. त्याला मात्र मी तसं कधी सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा शाळेत आला होता तो केळीच्या कंदाला लागलेल्या किडीबद्दल विचारायला. माझ्या टेबलावरची टाचण्यांवर लावलेल्या माश्यांची पेटी त्याने पाहिली आणि म्हणाला, “ह्या तं माझ्या बांधावर रोज बसतात.” मी नागपूरला शिकताना एका जाड इंग्रजी ग्रंथातली या माश्यांवरची सत्तर पानं हाताने उतरून घेतली होती. पंखांतल्या शिरा, मांडीवरचे काटे, नराच्या शेपटाकडची आकडी, सगळं मला पाठ होतं. लीलाधर हिंदी शाळेत चार यत्ता शिकलेला. पण ‘ही कालच्यापेक्षा निराळी आहे’ असं तो दहा हातांवरून सांगायचा, आणि मी भिंगाखाली अर्धा तास घालवून त्याच निर्णयाला यायचो. कधी कधी तर त्याच्यापेक्षा चुकीच्या.

आमची पद्धत ठरून गेली होती. तो माशी काडेपेटीत घालायचा, सोबत चिठ्ठीवर जागा आणि दिवस लिहायचा. दिवस म्हणजे तिथी. तारखा त्याला नीट येत नसत आणि त्याची गरजही नव्हती. मी माशी टाचणीवर लावायचो, चिठ्ठीवरची तिथी पंचांगात बघून तिची तारीख काढायचो आणि बारीक निबने इंग्रजीत नोंदीची पट्टी लिहायचो. वर्षातून एकदा आमच्या माश्या कलकत्त्याच्या एका तज्ज्ञांकडे जात. कोणती माशी आजवर कुठल्या मुलखात नोंदली गेली आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात त्यांचं पत्र आलं. मी ते शाळेच्या आवारातच उभ्या उभ्या वाचलं. लिहिलं होतं, की जसोंडीचे नमुने फार उत्तम आहेत. एकाचाही पाय मोडलेला नाही, अंगावरची लवसुद्धा जागच्या जागी. हे एल. महाजन कोण आहेत? त्यांना सोडू नका. आपण स्वतः पकडलेल्या माश्यांचे पंख मात्र जाळ्यात घासले जातात, तेवढी काळजी घ्यावी.

घरी येऊन मी पत्र कमलला दाखवलं नाही. तिने खिशातून काढून वाचलं.

“अगं बाई, लीलाधरभाऊंचं किती कौतुक केलंय! त्यांना सांगितलंत?”

“सांगेन.”

“मला सांगू द्या. त्यांचं तोंड बघायचंय मला.”

“नको, मीच सांगेन.”

तो आला की कमल हसायची. माझ्याशी बोलताना हसायची नाही असं नाही, पण ते निराळं. तो तिला केळफुलाची भाजी कशी करायची ते सांगे, आपल्या म्हशीच्या नकला करे. मी आतल्या खोलीत भिंग डोळ्याला लावून बसलेला असे आणि माझं लक्ष पंखांतल्या शिरांवर नसे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो आला तेव्हा कमल चकल्या तळत होती.

“मास्तर, हा पेंढारी पाहा,” तो ओट्यापासूनच म्हणाला. “मी असा पहिल्यांदा पाह्यला. मांडी लाल आहे लेकाची.”

“ठेवा तिथे. दिवाळीनंतर बघतो.”

“आता पाहा ना. एक नजर.”

“लीलाधरभाऊ, मला उत्तरपत्रिका तपासायच्यात.”

मी काडेपेटी टेबलाच्या खणात टाकली आणि खण लावून घेतला. उत्तरपत्रिका नव्हत्याच. पत्र त्याच खणात होतं आणि त्यातल्या मजकुराबद्दल मी त्याला अजून काही बोललो नव्हतो. बाहेर कमलने त्याला गरम चकली दिली. त्याची जीभ भाजली आणि दोघं हसली.

त्याच आठवड्यात राज्य बदललं. आदल्या दिवसापर्यंत आमचं राज्य म्हणजे नागपूर राजधानी असलेला मध्य प्रदेश. एक नोव्हेंबरला नागपूर, अकोला, बुलढाणा मुंबई राज्यात गेले. आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो, पण तो मध्य प्रदेश दुसरा होता. राजधानी भोपाळ. हेडमास्तर म्हणाले, “टाकळकर, नकाशे आता भिंतीवरून काढा. मुलं विचारतील आपण कुठे आहोत.” मी नकाशे काढले. नवे यायला वर्ष लागलं.

भाऊबीजेला, चार तारखेला, मी नावेने तापी ओलांडून जैनाबादला बहिणीकडे गेलो. सुलभाने ओवाळलं, जेवलो आणि तिच्या परसात हात धुवायला गेलो, तर तुरीच्या वाळक्या काडीवर एक दरोडेखोर माशी बसलेली. जाळं घरी होतं. मी डोक्यावरची टोपी हातात धरली आणि माशीवर झेप घेतली. माशी सापडली, एक पाय मोडला.

“दादा, अरे नवं धोतर!” सुलभा ओरडली. मी गुडघ्यांवर चिखलात होतो.

दुसऱ्या दिवशी भिंगाखाली पाहिली. मांडी लाल. मी सत्तर पानं उलटली, मग पुन्हा उलटली. मला स्वतःच्या निर्णयाचा भरवसा कधीच वाटत नाही, म्हणून चार दिवस रोज पाहिली. शेवटी खात्री पटली. ही माशी पूर्वी बुलढाणा आणि अकोल्याच्या बाजूला सापडली होती. तिचं लॅटिन नाव इथे देत नाही. त्याचा उच्चार मला अजून जमत नाही.

तिला टाचणी लावताना मला खणातल्या काडेपेटीची आठवण झाली होती का? झाली होती. मी खण उघडला नाही. माझी माशी एकटीच कलकत्त्याला गेली.

नोव्हेंबरच्या मध्यावर लीलाधरचे वडील निंबाबाबा गेले. मी जसोंडीला भेटायला गेलो. लीलाधर डोकं भादरून ओसरीवर बसला होता. “उद्या नाशिकले निघतो मास्तर,” तो म्हणाला. “अस्थी घेऊन. दहावं तठीच करीन. बाबाची इच्छा होती.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या वेळी माझ्या मनात त्याच्याबद्दल काहीही वाईट नव्हतं, हे खरं आहे.

डिसेंबरात कलकत्त्याचं उत्तर आलं. निर्णय बरोबर होता. तज्ज्ञांनी लिहिलं होतं, की जुन्या मध्य प्रदेशात ही माशी ठाऊक होती, पण ती ठिकाणं आता मुंबई राज्यात गेली. आजच्या मध्य प्रदेशाच्या हद्दीत हिची नोंद नाही, तेव्हा ही या राज्यातली पहिली नोंद म्हणून छापू. माशी जागची हलली नव्हती, सरहद्द हलली होती. पत्राच्या शेवटी होतं: ‘आपल्याकडे आणखी नमुने असल्यास तारखांसह पाठवा. ज्याचा नमुना सर्वांत आधीचा, पहिली नोंद त्याच्या नावे जाईल.’

मी खण उघडला.

त्याची माशी जिवंत असल्यासारखी होती. सहाही पाय, दाढीचा एक केस वाकडा नाही, त्यात पिवळे परागसुद्धा अडकलेले. शेजारी चिठ्ठी, शिसपेन्सिलीने, देवनागरीत: ‘जसोंडी. कपाशीचा बांध. कार्तिक वद्य तृतीया.’

इथे बाहेरच्या वाचकाला थोडं सांगावं लागेल. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे दिवाळीच्या आधीचा वद्य पंधरवडा आपण आश्विनात धरतो, आणि हिंदी पंचांगात तोच कार्तिकात पडतो. बऱ्हाणपुरात दोन्ही पंचांगं चालतात. कोणी तिथी सांगितली की आमच्याकडे आधी विचारतात, “कार्तिक कोणाचा? तुमचा का आमचा?” शेजारच्या भागाबाई एकदा हे न विचारता भाच्याच्या जावळाला गेल्या, ते महिनाभर आधी. परत येण्याची लाज वाटून महिनाभर तिथेच राहिल्या.

लीलाधरच्या घरी खंडव्याच्या एका कापडवाल्याचं हिंदी पंचांग होतं. त्याचा कार्तिक हिंदी, हे मला तीन वर्षांपासून माहीत होतं. तीन वर्षं मी त्याच्या प्रत्येक चिठ्ठीवरचा वद्य पक्ष एक महिना मागे घेऊन तारीख काढत आलो होतो. त्या हिशोबाने ही माशी बावीस ऑक्टोबरची. माझी चार नोव्हेंबरची.

आमच्या भिंतीवरचं पंचांग मराठी होतं. त्यात कार्तिक वद्य तृतीया एकवीस नोव्हेंबरला होती.

मी ऑक्टोबरातलं पत्र पुन्हा काढलं आणि ‘हे एल. महाजन कोण आहेत’ ही ओळ वाचली. मी सत्तर पानं उतरून काढली होती. नागपूरच्या खोलीत, दोन हिवाळे, बोटं सुजेपर्यंत. त्याला पंखाच्या शिरेचं नाव माहीत नव्हतं. त्याने नुसता हात धरून ठेवला होता.

मी निब शाईत बुडवलं.

कमल कपडे घडी करायला आत आली. “ती काडेपेटी ना?” ती म्हणाली. “चकल्यांच्या दिवशी आणली होती त्यांनी. जीभ भाजली होती बघा.”

“हो,” मी म्हणालो, आणि एकवीस नोव्हेंबर लिहिलं.

चिठ्ठीवर जे होतं तेच मी पंचांगात पाहिलं आणि पंचांगात होतं तेच लिहिलं. कोणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही. कमलनेसुद्धा. तिने कपड्यांची चळत उचलली आणि ती बाहेर गेली.

पुढच्या भाद्रपदात छापील पानं आली. लीलाधरला निरोप पाठवला होता. तो धुतलेला सदरा घालून आला. पानाला हात लावण्याआधी त्याने मोरीवर जाऊन हात धुतले.

“माझं नाव कोन्तं?”

मी बोट ठेवलं. “हे. एल. महाजन. जसोंडी.”

त्याने वाकून पाहिलं. “एवढंसं आहे.” मग हसला. “अन् हे वरचं?”

“ते माझं.”

“मोठ्या अक्षरात आहे.”

“पहिली नोंद आहे ना. भाऊबीजेला सापडली होती, जैनाबादला. तुमची दुसरी.”

“माझी दुसरी?” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. खरंच विचारत होता. “माझी कोन्त्या दिवसाची लिहिली?”

“एकवीस नोव्हेंबर.”

“म्हंजे तिथी?”

“कार्तिक वद्य तृतीया. तुम्हीच लिहिली होती.”

तो बोटांच्या पेरांवर मोजू लागला. एक बोट झालं, दुसरं झालं. कमल चहा घेऊन दारात येऊन थांबली.

“मास्तर,” तो हळू म्हणाला, “तुमच्या कार्तिकात त्या दिवशी मी नाशिकले होतो. गंगेवर. बाबाचं दहावं व्हायचं होतं. तुम्ही भेटाले आले होते त्याच्याआधी.”

मी पानाकडे पाहत राहिलो. “चिठ्ठीवर कार्तिक वद्य होतं. आमच्या पंचांगात...”

“हौ,” तो म्हणाला. “तुमच्या पंचांगात.”

शेजारी कोणीतरी पाट्याला टाकी लावत होतं, त्या ठोक्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता हा काय बोलेल ते बोलो, मी ऐकून घेईन, मग कलकत्त्याला पत्र लिहीन, दुरुस्ती छापून येईल. मी खरोखर वाट पाहत होतो.

“चूक माझीच आहे,” लीलाधर म्हणाला. “कार्तिक कोनाचा ते लिहाले पाह्यजे होतं.” आणि एकाएकी तो हसला. “बाबा असता तं म्हन्ला असता, माझं पोरगं पाहा, गंगेवर बसून जसोंडीची माशी धरते!”

मी हसलो. कमल हसली नाही. तिने चहा त्याच्यापुढे ठेवला, माझा कप खिडकीत ठेवला आणि आत गेली.

जाताना त्याने पान मागितलं. “आईले दाखवतो. तिले वाचता येत नाही, पन बोट ठेवून दाखवीन.” मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. त्याने ते टोपीत ठेवलं आणि टोपी डोक्यावर घातली.

दुरुस्तीचं पत्र मी लिहिलं. एकदा नाही, तीनदा. एकदा तिकीटही लावलं. लिहिताना प्रत्येक वेळी एका वाक्याशी अडायचो, ‘चूक कशी झाली’ या वाक्याशी. झाली असं लिहिलं तर खोटं, केली असं लिहिलं तर नोकरीपासून सगळंच जाणार. तसं बघता कलकत्त्याला माझ्या नोकरीशी काय देणंघेणं? भित्र्या माणसाला कुठलंही कारण पुरतं. ती पत्रं मी फाडली.

मला वाटलं होतं, लीलाधर आता यायचा नाही. मनात कुठेतरी ते बरंही वाटलं असणार. पण पुढच्याच रविवारी तो आला. ओट्यावर बसून कमलशी बोलला नाही, थेट आत माझ्या टेबलापाशी आला आणि काडेपेटी ठेवली.

मी उघडली. आत माशी होती, नेहमीसारखी, सहाही पायांची.

“चिठ्ठी?”

“नाही लिहिली. तुम्हीच लिहा. सकाळी धरली. आज इतवार.”

“मी करतो सावकाश. तुम्ही बसा बाहेर, कमल चहा...”

“बसतो ना. इथंच बसतो.”

त्याने स्टूल ओढलं आणि टेबलाला लावून बसला. मी माशी टाचणीवर लावली. पट्टी कापली, निब बुडवलं आणि लिहू लागलो. त्याला इंग्रजी येत नव्हतं. प्रत्येक आकड्याशी तो बोट आणायचा. “हा कोन्ता?” मी सांगायचो. “अन् हा?” मी सांगायचो. मग तो भिंतीकडे बघायचा. तिथे कमलने त्या आठवड्यात इंग्रजी तारखांचं एक कॅलेंडर आणून लावलं होतं. त्याच्याशी तो आकडा ताडून बघायचा आणि मान हलवायचा. आवाजात कुठे राग नाही, उपरोध नाही. दुकानात कापड मोजताना गजावर नजर ठेवावी, तितकंच.

त्यानंतर अकरा वर्षं तो माश्या आणत राहिला. त्याच्या नावावर चार पहिल्या नोंदी झाल्या. माझ्या नावावर तीच एक. दर वेळी तो स्टूल ओढून तसाच बसायचा. कमल चहा आणून ठेवायची. त्यावर साय धरायची, पण पट्टीवरची शाई पुरती वाळल्याशिवाय त्याने कपाला हात लावला नाही.